उजवं टोक लांब

९ एप्रिल

मशीनवाल्या विहीणबाईंना टपालवालीचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला हातात पेन आल्याशिवाय बोलायला सुचत नाही, त्यामुळे आपलं दोघींचं टपालानं बरं चाललंय. जन्मभर खिडकीमागे बसून लोकांच्या पाकिटांवर शिक्के मारले, पण मला स्वतःला पत्रं लिहिणारं कुणी नव्हतं. मुलाच्या लग्नात सून मिळाली ती मिळालीच, वर उलट टपाली उत्तर देणारी विहीण मिळाली.

इकडे उन्हानं जीव नकोसा केलाय. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दुपारी नेमकी वीज जाते आणि पंखा माझ्याकडे बघत नुसता लटकून राहतो. मानेवर घामोळं उठलंय. ओला रुमाल ठेवावा तर तो बघता बघता सुकतो आणि पाठ तेवढी भिजते.

आता मुख्य बातमी. तुमच्या लेकीनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, माझ्यासाठी गळ्यात घालायचा गार पट्टा शिवला. सुती कापडाची लांब नळी, मधल्या भागात आडव्या टिपा मारून केलेले चार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात पाव चमचा दाणे. कुंडीतल्या मातीत पाणी धरून ठेवायला घालतात ना, ते दाणे. साखरेसारखे दिसतात. पट्टा बादलीत भिजत टाकला की ते फुगून मऊ होतात आणि दिवसभर ओले राहतात. गळ्यात घातला की मान गार, डोकं गार, स्वभावही गार. शेवटचं माझं म्हणणं नाही, चिरंजीवांचं आहे.

किती संध्याकाळी ती मशीनवर बसली होती. मी समजत होते स्वतःचं काहीतरी शिवतेय. मला पत्ताही लागू दिला नाही. आणि माझ्या गळ्याचं माप न घेता, नुसत्या नजरेनं शिवला बघा. याला म्हणतात माया.

एक शंका आहे, तुम्ही जाणकार म्हणून विचारते. पट्ट्याची दोन टोकं सारखी नाहीत. कप्पे मानेच्या मधोमध आणले की उजवं टोक पार पोटापर्यंत येतं आणि डावं छातीपाशीच संपतं. शिवाय त्या लांब टोकाला एक उभी खाच ठेवलीय, मोठ्या काजासारखी. ती कशाला ते कळलं नाही. मी आपली लांब टोकाची घडी घालून पुढं गाठ मारते.

सूनबाई सांगत होती की तुम्ही केस कापून टाकलेत. कानापर्यंत. म्हटलं, विहीणबाई आमच्या पुढं गेल्या. फोटो पाठवा.

तुमची टपालवाली विहीण

*

१६ एप्रिल

टपालवाल्या विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. पट्ट्याची बातमी वाचली. कौतुक आहे.

टोकं लहानमोठी झाली यात शंका कसली? माप चुकलं. कापड दुमडून मध्य धरायचा, खडूनं खूण करायची आणि मगच कात्री लावायची, हे ठकीचे, म्हणजे तुमच्या सूनबाईचे, पाय पायडलला पोचत नव्हते तेव्हापासून मी तिला सांगत आले. आणि खाच म्हणाल तर शिवताना कापड फाटलं असणार आणि ते झाकायला तिनं काजाचे टाके घातले असणार. लहानपणी झग्याला भोक पडलं की वर फूल चिकटवून मोकळी व्हायची. कारागिरीत खोट असली की तिला लोक नक्षी म्हणतात, चालायचंच.

दाण्यांचं मात्र चुकतंय. पाव चमचा म्हणजे कप्प्यात काही घातलं की नाही तेही कळणार नाही. भरायची वस्तू भरल्यासारखी दिसली पाहिजे. मी जन्मभर उशा, गाद्या, खुर्च्यांच्या बैठका भरल्या. भरताना हात आखडला की वस्तू चपटी होते आणि गिऱ्हाईक परत येऊन दारात उभं राहतं. प्रत्येक कप्प्यात दोन चमचे तरी घाला, मग बघा गारवा.

खोटं कशाला बोलू, विहीणबाई. पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं मोठं शिवणाचं दुकान चालवून मी या पोरीला वाढवलं. हौसेनं तिला मशीनवर बसवायला जावं तर तिला झोप यायची. रक्त तपासायच्या लॅबमधली नोकरी तिला गोड लागली, माझं दुकान कडू. माझ्यासाठी तिनं आजवर साधं बटण लावलं नाही. आणि तिकडे जाऊन ती सासूला गार पट्टे शिवते. तुम्ही चांगल्या आहात, तुमच्यावर राग नाही. पण माझ्या पोटात दुखतंय, त्याला मी काय करू?

थंडीत ती आठवडाभर इथं येऊन राहिली, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या आठवड्यात तिनं काय केलं ते ठाऊक नसेल. मी बाजारात गेलेली बघून तिनं माझ्या दुकानातली सगळी रिळं वरच्या फळीवरून काढली आणि खालच्या खणात लावली. बटणांचे डबे खाली, अस्तराचे गठ्ठे खाली. इतक्या वर्षांची मांडणी, डोळे मिटून हात जायचा माझा. मी आले आणि बघतच राहिले. म्हटलं, आवराआवर करतेस का माझी? दुकान विकायला काढलंय का? खूप बोलले. ती भांडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बॅग उचलून गेली. तेव्हापासून ना पत्र ना निरोप. माझ्या कापलेल्या केसांबद्दल तर अवाक्षर काढलं नव्हतं. समोर बसून जेवली, केसांकडे बघितलं, आणि पुन्हा ताटात बघितलं. परक्या बाईनंही विचारलं असतं.

केस उन्हासाठी कापले. फोटो नाही.

ती कुठं बसून शिवते? उजेड डावीकडून येतो का? मशीन कुणाचं? उगाच आपलं विचारते.

मशीनवाली

*

२३ एप्रिल

मशीनवाल्या विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या पत्रातून धूर येत होता. वाचताना खिडकी उघडावी लागली.

विचारलंत म्हणून सांगते. मशीन खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं, हातानं फिरवायचं. ती जेवणाच्या टेबलावर बसून शिवते, उजेड डावीकडून. लॅबमधून आली की हातपाय धुऊन आधी मशीनवर, मग चहा. कच्चा दोरा घालूनच टीप मारत होती, तेव्हा तुमची शिकवणी अगदीच वाया गेलेली नाही. त्या खाचेवर तर ती इतकी अडून बसली की विचारू नका. केली, उसवली, पुन्हा केली. मी म्हटलं, राहू दे गं, कोण बघतंय. तर म्हणाली, सहज सरकायला हवं. काय सरकायला, ते मी तेव्हा विचारलं नाही. फाटलेलं झाकायला कुणी इतका जीव काढत नाही असं मला वाटतं, पण तुम्ही जाणकार.

पट्ट्यानं माझा मान वाढवलाय. सकाळी वाचनालयात जाते तेव्हा बायका हात लावून बघतात. ग्रंथपालांनी विचारलं, बाई, परदेशातून मागवला का? मी म्हटलं, सुनेनं शिवला. त्यांची सून त्यांच्याशी बोलत नाही, त्यामुळे त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला आनंद झाला, हे लिहायला नको होतं, पण झाला.

तुम्ही माझ्यावर जळता, तर आता माझंही ऐका. तुम्हाला वाटतं ती माझी झाली. ती मला आई म्हणते, खरं आहे. पण पट्टा शिवताना एकदा दोरा दातानं तोडायला गेली आणि मध्येच थांबली. म्हणाली, आई ओरडेल. मी समोरच बसले होते, विहीणबाई. मी कशाला ओरडू? ती आई म्हणजे मी नव्हे. आणि माझ्या हातचं काहीही खाल्लं की 'छान झालंय' म्हणते. तुमच्या हातच्या साध्या सूपबद्दल मात्र एकदा अर्धा तास बोलली होती. मला मुलगी नाही. मुलाला मी घामानं वितळले तरी कळत नाही. इतक्या वर्षांनी माझ्यासाठी कुणीतरी काहीतरी स्वतः होऊन केलं, त्यातही तुम्ही खोट काढलीत.

दोन चमच्यांचं बघते. तिच्या डोळ्यांदेखत पट्टा उसवणं बरं दिसणार नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात ती लॅबच्या कामासाठी बाहेरगावी जाणार आहे, तेव्हा करीन.

टपालवाली

*

३० एप्रिल

टपालवाल्या विहीणबाईंना नमस्कार.

सोबतच्या पार्सलमध्ये निळा पट्टा आहे. तो खास तुमच्यासाठी मी शिवलाय.

शिवण बघा. आतल्या आत दुमडून दोनदा मारलेली, एक धागा बाहेर दिसणार नाही. कडेनं पांढरी पायपिंग. दोन्ही टोकं सारखी, टेप लावून बघा, सुताचा फरक निघाला तर मी दुकानाला कुलूप लावीन. चारऐवजी आठ कप्पे केलेत आणि प्रत्येकात दोन चमचे दाणे. खाचबिच काही नाही. व्यवस्थित शिवलेल्या वस्तूला भोकं नसतात.

पार्सलला उशीर झाला कारण दुकानात गर्दी आहे. शिवाय इस्त्रीही हल्ली जड झालीय, का कोण जाणे. एवढ्याशा कामाला पूर्वी मला दुपारही पुरी लागली नसती.

तुम्ही दुखावल्या गेलात ते वाचलं. माझा तो हेतू नव्हता, म्हणजे थोडा होता. पण माझी गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला कुणी दिलं नाही याचं दुःख आहे, मला माझंच दुसरीकडे गेलं याचं. गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे गेलं तर मी दोन शिव्या घालून विसरते. हे विसरता येत नाही. रात्री मशीनवर झाकण घालताना मनात येतं, तिकडे ती झाकण उघडून बसली असेल.

तुमच्यापासून काय लपवायचं. मला एवढंच कळायला हवंय की ती शिवते तेव्हा मी तिच्या लक्षात असते की नसते. दोरा दातानं तोडताना थांबली म्हणता, ते वाचून बरं वाटलं. मग मनात आलं, माझी आठवण म्हणजे काय, तर ओरडणं.

निळा पट्टा तिला दाखवा. शिवण उलटी करून दाखवा. काय म्हणाली ते शब्दन् शब्द कळवा, मला लागेल म्हणून गाळू नका.

मशीनवाली

*

११ मे

मशीनवाल्या विहीणबाई,

नमस्कार राहू दे, आधी ऐका.

सूनबाई बाहेरगावी होती. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे तिचा पट्टा एका बाजूनं उसवला, प्रत्येक कप्प्यात दोन चमचे दाणे घातले आणि माझ्या हातानं जमेल तसा पुन्हा शिवला. तुमचा निळा पट्टाही आला होता. रात्री दोन्ही पट्टे एकाच बादलीत भिजत टाकले आणि झोपले.

सकाळी बादलीत पाणी नव्हतं. सगळं दाण्यांनी पिऊन टाकलं होतं. तिचा पट्टा फुगून मी शिवलेल्या बाजूनं फुटला होता आणि बादलीभर काचेसारखा लगदा झाला होता. तुमचा निळा मात्र शाबूत. पण तो माझ्या दंडाएवढा जाड झाला होता आणि वाकेना. मला वाटलं, मुरलेल्या हाताचं काम आहे, असाच असायचा. ओढूनताणून गळ्यात चढवला आणि तशीच ताठ मानेनं वाचनालयात गेले. बायकांनी वाट दिली. ग्रंथपालांनी विचारलं, मान मोडली का?

वर्तमानपत्राचं पान उलटायला मी जराशी खाली वाकले आणि मागून फट् असा आवाज आला. विहीणबाई, तुमची शिवण नाही हरली, कापड हरलं. सगळा लगदा माझ्या पाठीत उतरला, तिथून खुर्चीत, तिथून जमिनीवर. शेजारचे गृहस्थ पाय वर घेऊन बसले. ग्रंथपाल फडकं घेऊन आले आणि मी रडते की हसते ते त्यांना कळेना. मलाही कळत नव्हतं.

सूनबाई परत आली तेव्हा दोन्ही पट्टे दोरीवर वाळत होते. मी सगळं सांगितलं, दोन चमच्यांसकट. निळा पट्टा तिनं उलटा केला, शिवण बघितली आणि हसत सुटली. शब्दन् शब्द मागितलात म्हणून लिहिते. म्हणाली, "आईनं उशी भरलीय." पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि हसत होती. लग्न होऊन आल्यापासून या घरात ती अशी कधी हसली नव्हती. ते हसू तुमच्यामुळे आलं, मला ते आवडलं नाही.

मग तिनं आपला पट्टा हातात घेतला. गंमत बघा. शिवण कुठं फुटली ते तिनं बघितलंच नाही. आधी ती खाच शाबूत आहे ना, ते बोटानं चाचपून बघितलं. शाबूत होती. मग पट्टा धुतला, चिकटलेला एकेक दाणा काढला, वाळवला, आणि घडी घालून ठेवला तो स्वतःच्या कपाटात. मला दिला नाही. माझी वस्तू तिच्या कपाटात का जावी? मी म्हटलं, तुझ्या आईकडे पाठवते, त्या पुन्हा शिवून देतील. तिनं कपाटाचं दार उघडून पट्टा बाहेर काढला. मग म्हणाली, "पाठवा. पण तिला म्हणावं, लांबी कापू नको."

तो पट्टा सोबत पाठवते आहे. लांबी कापू नका म्हणे. तुमच्यातलं तुम्हीच समजून घ्या, मी नुसती टपालवाली.

*

१९ मे

विहीणबाई,

पट्टा पोचला. माझ्या दोन चमच्यांमुळे तुमची शोभा झाली, त्याची माफी मागते. पाण्यानं एवढं फुगणारं काही मी जन्मात भरलं नव्हतं. कापूस भरला तेवढाच राहतो.

आता जे लिहिते ते हसण्यावारी नेऊ नका.

पट्टा टेबलावर पसरला. टीप वाकडी, जागोजागी थांबत थांबत मारलेली, तिचीच. लांबी कापू नको म्हणाली, तेवढ्यानंच मी पेटले. मला शिकवते? मी मनात ठरवलं, कापणारच. दोन्ही टोकं सारखी करून, खाच काढून टाकून, सुतासारखा सरळ करून पाठवीन, म्हणजे कळेल तिला. कात्री हातात घेतली. पण कुठून कापायचं ते गळ्यात घातल्याशिवाय ठरेना, म्हणून आरशासमोर उभी राहिले.

विहीणबाई, मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. तुमच्यापासूनच काय, सगळ्यांपासून. माझा उजवा खांदा धरलाय. पावसाळ्यापासून. हात छातीच्या वर जात नाही, जबरदस्तीनं नेला तर डोळ्यापुढं काजवे चमकतात. वेणी घालता येईना म्हणून केस कापले, उन्हाचं नाव सांगितलं. दुकानात गर्दी नाही, मीच कामं परत पाठवते. शिंपिणीचा हात गेला हे गिऱ्हाइकाला कळलं की संपलं, म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही.

तर आरशासमोर मी पट्टा डाव्या हातानं मानेवरून टाकला. उजवं टोक खाली लोंबत पोटापर्यंत आलं, बरोबर तिथं जिथं माझा उजवा हात दुखण्याशिवाय पोचतो. त्यानं ते टोक नुसतं धरलं. डाव्या हातानं दुसरं टोक खाचेत घातलं आणि ओढलं. बसला. गाठ नाही, हात वर करणं नाही, काही नाही. पुन्हा काढला, पुन्हा घातला. मला विचार करावा लागत नव्हता, हात आपोआप जात होते.

माप चुकलेलं नव्हतं. मी जन्मात इतकं बरोबर माप घेतलेलं नाही.

मग मागं वळून दुकानाकडे बघितलं. रिळं अजून खालच्या खणातच आहेत. परत वर लावायला वेळ झाला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे लावता येत नाहीत. ती थंडीत आली, माझे केस बघितले, ताटात बघितलं, आणि चारपाच दिवसांनी वरच्या फळीवरचं सगळं खाली आणलं. एक शब्द बोलली नाही, कारण मी लपवत होते. मी लपवतेय म्हणून तिनंही न बघितल्यासारखं केलं. आणि मी तिला विचारलं, माझी आवराआवर करतेस का.

तुम्ही लिहिलं होतं की पट्टा तुमच्यासाठी शिवला. तुम्ही खोटं बोलणाऱ्या नाही. म्हणून सरळ विचारते. हा पट्टा ठकीनं कुणासाठी शिवला होता?

तिला माझ्या खांद्याचं सांगू नका.

तुमची विहीण

*

२६ मे

विहीणबाई,

हे पत्र लिहायला मला बरेच कागद फाडावे लागले.

त्या संध्याकाळी मी हात पुसत बाहेर आले. तिची शेवटची टीप मारून झाली होती. मी विचारलं, "माझ्यासाठी?" ती कापडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, आई." मधला तो वेळ मला तेव्हाच दिसला होता. मी बघितला नाही असं केलं, पट्टा उचलला आणि गळ्यात घातला. घरात आलेल्या मुलीनं सासूला तोंडावर नाही कसं म्हणावं? मला कुणी काही देत नाही, म्हणून दिल्यासारखं वाटलं ते मी धरून ठेवलं. आणि तुम्हाला पत्र लिहून मिरवलं.

मी तिला खांद्याचं काही सांगितलं नाही. गरजही नाही. काल ती टेप घेऊन माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "आई, मान सरळ ठेवा, तुमचा नवा शिवायचाय." माझ्या गळ्याचं माप घेतलं, दोनदा. दोन्ही टोकं सारखी कापली. खाच ठेवली नाही. प्रत्येक कप्प्यात पाव चमचा घालणार आहे.

पहिल्या पत्रात मी कौतुकानं लिहिलं होतं की माप न घेता शिवला. त्या मापाला टेप कशाला लागेल, ते तिला पाठ होतं.

तो पट्टा परत पाठवू नका. माझा हेवा करत होतात ना, आता मी तुमचा करते. होईल सवय.

टपालवाली

*

२ जून

ठके,

पट्टा माझ्याकडे आलाय. कळलं.

फुटलेली शिवण मारून घेतली. पाव चमचाच घातला. लांबी कापली नाही. रोज घालते, आत्ताही गळ्यात आहे. टीप वाकडी आहे तुझी, पण खाचेचे टाके चांगले आलेत, त्यात मला काही सांगण्यासारखं नाही. सासूबाईंचा नवा पट्टा मन लावून शीव, घाई करू नको.

रिळं खालीच आहेत. तिथंच बरी आहेत.

माझा उजवा खांदा दुखतो. तुला माहीत आहे. पण मी तुला सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. केस मागून वाढलेत आणि मला तिथं कात्री नेता येत नाही. जमेल तेव्हा ये.

आई